खुराड्याची इर्जिक

डालं

तूर सोंगून झाली की रानात लपायला जागा उरत नाही. मग रानमांजर गावाकडे सरकतं. आधी शिवारातल्या गोठ्यापाशी, मग उकिरड्यापाशी, मग थेट परसात.

सोजरबाईनं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं. पहाटे ती चूल पेटवायला पऱ्हाट्या आणायला मागं गेली, तर शेवग्याखाली पालथ्या घातलेल्या डाल्यापाशी ते बसलं होतं. डाल्यावर दगड होता. दगडाला ते भ्यालं नव्हतं. डाल्याच्या काठाखाली त्यानं एक पंजा घातला होता आणि आत चाचपत होतं, बाईनं मडक्यात हात घालून लोणच्याची फोड शोधावी तसं, अगदी निवांत. सोजरबाई ओरडली तोवर पंजा वळला, नख रुतलं, डालं कलंडलं आणि भुरी कोंबडी गेली. परसभर पिसं.

उरल्या तिघी. आणि कोंबडा.

कोंबडा कारंज्याच्या बहिणीकडचा, वच्छलाकडचा. एसटीनं आला होता, पिशवीतून मान बाहेर काढून. तेव्हा तो हातभर पोर होता. आता त्याच्या मानेवरची पिसं उन्हात तांब्याच्या भांड्यासारखी चमकायची आणि तो चालायचा तर सरपंचासारखा. गुडघे गेल्यापासून सोजरबाईचं निंदण सुटलं होतं, कापूस वेचणं सुटलं होतं. बाया सकाळी डबे घेऊन निघाल्या की ती दारात उभी राहून त्यांना नुसतं पाहायची. या कोंबड्या आल्या तसं ते दारात उभं राहणं थांबलं. तांबडी आता खुडूक बसायला आली होती. बसली की पिल्लं, पिल्लांच्या कोंबड्या, त्यांची पुन्हा पिल्लं. एवढं सगळं त्या एका कोंबड्याच्या जिवावर.

"डाल्यानं भागत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "पक्कं खुराडं पाह्यजे. विटायचं."

पुंजाजी दिवाळीपासून खुराडं बांधून देतो म्हणत होता. घरकुलाच्या उरलेल्या विटा भिंतीशी रचून ठेवल्या होत्या, त्यांवर आता शेवाळ वाळून काळं पडलं होतं.

"बांधू," तो म्हणाला आणि पायात चप्पल घालून पारावर गेला.

शब्द

"कुठी होते एवढा येळ?"

"पारावर. काम झालं तुहं. ऐतवारी खुराडं बांधून होते."

"कोन बांधते?"

"इर्जिक घातली म्या."

"खुराड्याची इर्जिक?"

"त्याले काय झालं? गोविंदसिंग मिस्त्री येते. अमरसिंग येते. पारावर होते ते येतीन."

"पारावर किती होते?"

"होते चारदोन."

"अन् जेवाले काय सांगतलं?"

"माही तंबाखूची डबी कुठी हाये वं?"

"अवो, मी काय इचारून राह्यली?"

"गावरानी सांगतलं."

"गावरानी काय?"

"कोंबडा वं. इर्जिक हाये, का वांग्याच्या भाजीवर बोलावू लोकायले?"

"कोनता कोंबडा?"

"आपल्याकडं किती हायेत?"

"एक."

"मंग."

"ज्याचं घर बांधाले लोक येऊन राह्यले, त्यालेच कापता?"

"त्याचं एकट्याचं हाये का घर? कोंबड्या राह्यतीन ना."

"कोंबड्या राह्यतीन. पिल्लं आभायातून पडतीन."

"शब्द गेला आता."

"मंगरूळहून ब्रॉयलर आना."

"थुकतीन लोक. म्हनतीन पुंजाजीनं आयुष्यात एक इर्जिक घातली अन् त्यातही पांढरी कोंबडी खाऊ घातली."

आयुष्यात एक

हे मात्र खरं होतं.

पुंजाजीनं जन्मभर दुसऱ्यांच्या इर्जिकी केल्या. कोणाची पेरणी मागं पडली, कोणाची विहीर खचली, कोणाचं छप्पर वादळानं नेलं, की सांगावा यायचा आणि पुंजाजी खांद्यावर पावडं टाकून निघायचा. मजुरी नाही. ज्याचं काम त्यानं पोटभर जेवू घालायचं, एवढाच कायदा. दुपारी पंगत बसायची, घरधनी कमरेला शेला गुंडाळून वाढत फिरायचा, "घ्या ना राजेहो, लाजता काय" म्हणायचा, आणि पुंजाजी खाली मान घालून जेवायचा. त्याला तसा शेला गुंडाळून कधी फिरता आलं नाही. दोन एकराच्या तुकड्याला इर्जिक कशाची घालणार? त्याचं काम तो आणि सोजरबाई दोघंच उरकायचे. मग ट्रॅक्टर आले आणि इर्जिक घालायची कोणाला गरजच राहिली नाही.

आता पासष्टीच्या पुढं त्याला ही संधी दिसली होती. कमरेएवढ्या उंचीचं खुराडं, पण बांधकाम ते बांधकाम.

शनिवारी संध्याकाळी त्यानं पेटीतून लग्नातला शेला काढून झटकला. सोजरबाईनं ते पाहिलं. मग तिनं परसात जाऊन कोंबड्याला मूठभर ज्वारी टाकली. तो आधी तिघींना बोलावून घ्यायचा, कुक्कुक करून, मग स्वतः टोचायचा. त्या दिवशीही त्यानं तसंच केलं, आणि ते पाहून तिचं डोकं आणखीच फिरलं.

पाया

गोविंदसिंग मिस्त्री आला तो न बोलता परसाला फेरी मारून. गालात खर्रा, हातात थापी, कानामागं पेन्सिल. मागून अमरसिंग, खांद्यावर लोखंडी सब्बल, दंड असे की सदऱ्याच्या बाह्या उसवलेल्या. पारावरचे म्हणून आणखी पाच जण आले. खुराड्याला एवढी माणसं म्हणजे एकानं वीट द्यायची, दुसऱ्यानं ती घ्यायची आणि तिसऱ्यानं पाहायचं.

"काय पाव्हने," अमरसिंग कोंबड्याला म्हणाला, "आंघोय झाली का?"

सगळे हसले. कोंबडा उकरलेल्या मातीत किडे शोधत त्यांच्या पायांत घोटाळत होता.

"दीड किलो भरन."

"पिसायसकट."

"पुंजाजीभाऊ, तंगडी कोनाची ते आताच सांगून ठेव. नाही त मंग भांडनं होतीन."

"काम करा बे पयले," पुंजाजी म्हणाला. त्यानं सकाळीच शेला गुंडाळला होता आणि वाढायला काही नव्हतं तरी तो फिरत होता. याला पाणी दे, त्याला बिडी दे. मधेच त्यानं पावडं घेऊन गारा कालवायला सुरुवात केली, तर गोविंदसिंग थांबला.

"पानी जास्त झालं."

"होते ना पक्का."

"पातय झाला गारा. ठेव ते पावडं. तू मालक हायेस, मालकानं उभं राहावं."

पुंजाजी बाजूला झाला. बोलणं मानाचं होतं, पण हात काढून घेतल्यासारखं झालं. तो शेल्याला गाऱ्याची बोटं पुसत उभा राहिला आणि मग लक्षात येऊन शेला पाहू लागला.

शेजारची कमलीबाई कुडावरून डोकावली. अंगानं भरलेली बाई, कुडावर हात टेकले की कूड करकरायचा.

"सोजर, घरभरनी कवा वं?"

"आजच. तू ये जेवाले."

"काय बनवतं?"

सोजरबाई पाट्यावर मसाला वाटत होती. खसखस, खोबरं, भाजलेला कांदा. पाट्याशेजारी परातीत बेसन थापून गार करायला ठेवलं होतं.

"पाटोडीचा रस्सा."

"अन् कोंबडा?"

"कोंबडाही," सोजरबाई म्हणाली. "एका कोंबड्यात एवढी मानसं काय बोटं चाटतीन? जोड पाह्यजे ना."

वरवंटा तिनं जरा जोरातच ओढला.

आडभिंत

विटांचे चार थर आल्यावर ती हात धुऊन बाहेर आली.

"गोविंदभाऊ, दारापुढं आतून एक आडभिंत पाह्यजे."

"खुराड्यात?"

"हाव. दारातून आत गेलं की समोर भिंत. मंग डाव्या अंगानं वयून जायचं. कोंबडी वयते. मांजराचा पंजा वयला नाही पाह्यजे. म्या पाह्यलं ना, डाल्यात पंजा घालून कसा वयवते तो."

गोविंदसिंगानं खर्रा थुंकला. बांधकामातलं कोणी काही सांगितलं की तो आधी थुंकायचा आणि मग विचार करायचा.

"दार अन् आडभिंत, मंधात किती ठेवू?"

"कोंबडी वयन एवढं."

"अन् अंडे कसे काढसान? झाडसान कसं?"

ती खाली बसली, गुडघे कुरकुरले. तिनं उजवा हात दारासाठी सोडलेल्या जागेत धरला आणि कोपरातून वळवून दाखवला. सोजरबाई बुटकी, हात आखूड. लहानपणी तिची माय म्हणायची, पोरीला देवानं हात मोजूनमापूनच दिले. "हा वयला की झालं. झाडाले, अंड्याले, मीच हाये."

गोविंदसिंगानं तिच्या कोपराला पेन्सिल लावली आणि विटेवर खूण केली. सुतार चौकटीचं माप घेतो तितक्याच गंभीरपणे. पारावरचे हसले. तो हसला नाही.

दुपारपर्यंत भिंती झाल्या. आत शेवग्याची एक आडवी फांदी बसवली, कोंबड्यांना बसायला. त्याखाली, आडभिंतीच्या वळणापाशी, तांबडीसाठी खोलगट जागा. वर जुन्या गोठ्याचे टिनपत्रे. पत्रे उन्हात तापतात म्हणून त्यांच्यावर पऱ्हाट्या, पऱ्हाट्यांवर गारा, गाऱ्यावर कडेनं दगड. दाराला तेलाच्या डब्याचं टिन कापून सरकतं झाकण. अमरसिंगानं ते दहा वेळा वरखाली सरकवलं, जसं आयुष्यात दार पाहिलंच नव्हतं.

खरं तर ते सगळेच खूश होते. एकत्र काम करून कितीतरी वर्षं झाली होती. कोणाच्या विहिरीत कोण पडला होता, कोणाच्या पेरणीत कोणाचा बैल बसला होता, सगळं निघालं. पुंजाजीचं नाव त्या प्रत्येक गोष्टीत होतं. तो उभ्या उभ्या ऐकत होता, आणि मधेच एखादी दुरुस्ती करत होता: "तो बैल नव्हता बे, हल्या होता."

"पाहू बरं आता," अमरसिंग म्हणाला. "समजा मी रानमांजर."

तो दारापुढं आडवा झाला आणि त्यानं हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. पुढं भिंत. त्यानं हात वळवायला पाहिला, तर कोपर इकडं अडलं, बोटं तिकडं. खांदा टेकवला, तोंड वाकडं केलं.

"नाही वयत बाप्पा."

दुसऱ्यानं घालून पाहिला. तिसऱ्यानं. कोणी डावा, कोणी उजवा. पुंजाजीनंही गुडघे टेकले. पण त्याचा खांदा दोन वर्षांपासून धरलेला, हात दाराशीच अडला. पहाडासारखी माणसं आळीपाळीनं आडवी होत होती, सदरे मातीनं माखत होते, आणि शेवटी अमरसिंग उठून छाती फुगवून म्हणाला, "मांजराचा बाप आला तरी अथून कोंबडी काढून दाखवन का?"

सोजरबाई उंबऱ्यात उभी होती. हातात पिठाची परात होती. ते वाक्य तिनं ऐकलं आणि तिचा हात पिठातच थांबला.

ज्वारी

माणसं हापशीवर हातपाय धुवायला गेली.

तिनं सुपात ज्वारी घेतली. दाराशी थोडी टाकली, थोडी आत, आणि हात वळवून थोडी वळणाच्या पलीकडे. कोंबड्यानं बोलावलं, तिघी आल्या. एकेक करून वाकल्या आणि नव्या घरात गेल्या. तो मात्र बाहेरच राहिला. मान वर, एक डोळा दाराकडं, एक डोळा तिच्याकडं.

"जाय बाप्पा," ती हळूच म्हणाली. "जाय ना."

हापशीचा दांडा खडखडत होता. कोणीतरी मोठ्यानं हसलं. कोंबड्यानं एक पाऊल टाकलं, थांबला, दाराची पत्र्याची कड टोचून पाहिली. मग आतून तांबडीचा आवाज आला तसा तो वाकला आणि शेपटीची पिसं घासत आत शिरला.

तिनं झाकण सरकवलं.

हात

"आना कोंबडा," अमरसिंग आला तो असं म्हणतच.

पुंजाजी घरातून सुरी घेऊन आला होता. त्यानं परसात नजर फिरवली. शेवग्याखाली नाही, उकिरड्यावर नाही.

"कुठी गेला?"

"आत," सोजरबाई म्हणाली.

"आत कुठी?"

"खुराड्यात. त्याचंच घर हाये, गेला."

मग अमरसिंग आडवा झाला, झाकण वर केलं, हात घातला. कोपर अडलं. आत फडफड झाली आणि पुन्हा शांत.

"वरचा पत्रा उचलू," पारावरच्यांपैकी एक म्हणाला आणि त्यानं कडेच्या दगडाला हात घातला.

"हात नोको लावू," गोविंदसिंग म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण त्या माणसानं हात काढून घेतला. "गारा वला हाये. पत्रा उचलला का चारी भिंती संगंच येतीन. अन् आज घातलेलं छत आजच काढत नाही म्या. माह्या बापानं काढलं नाही."

"मंग खावं काय?"

"ते मालकाले इचारा."

सगळ्यांनी पुंजाजीकडं पाहिलं. एका हातात सुरी, कमरेला शेला. त्यानं सोजरबाईकडं पाहिलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. लेकरानं भर बाजारात आईकडं पाहावं तसं काहीतरी होतं.

"हिचा हात जाते," तो म्हणाला. "माप हिच्याच हाताचं हाये."

आता सगळे तिच्याकडं पाहू लागले.

"काढ वं," पुंजाजी म्हणाला. "शब्द हाये माहा."

ती पुढं आली. पदर खोचला, गुडघे टेकले. गुडघ्यांतून कळ थेट कमरेत गेली. तिनं दारातून हात घातला, भिंतीला लागल्यावर डावीकडं वळवला. हात वळला. आत अंधार ऊबदार होता, ओल्या मातीचा आणि पिसांचा वास. आधी तांबडी लागली, तिनं बोटावर चोच मारली. मग तिच्या पलीकडं दोन पाय, खरखरीत, टाचेला जाड काटे असलेले. तिची बोटं त्या पायांभोवती बसली. कोंबडा हलला नाही. रोज संध्याकाळी याच हातानं ती त्याला डाल्याखाली ठेवायची. त्याला वाटलं असेल, तसंच. ती बोटं थोडी वर सरकली. पिसांखाली काळीज धडधडत होतं. कढईत लाह्या फुटाव्यात तसं, पटपट, बारीक.



शब्द मोडला तर पुंजाजीनं पारावर कसं बसायचं, हे तिला कळत होतं. त्याच्या शेल्यावरचे गाऱ्याचे डाग तिला इथून दिसत होते. ती तशीच बसून राहिली, गाल ओल्या भिंतीला टेकवून.

मग तिनं बोटं सोडली. हात वळवला, बाहेर काढला. रिकामा.

"नाही येत हाती," ती म्हणाली.

तिच्या मनगटाला एक तांब्याच्या रंगाचं पीस चिकटलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलं. पुंजाजीनंही.



"पंजा वयत नाही असंच बांधलं ना म्या," गोविंदसिंग म्हणाला आणि थापी पाण्यात बुडवून पुसू लागला. "वयनी, भूक लागली. जे असन ते वाढा."

पुंजाजीनं हातातल्या सुरीकडं पाहिलं. ती कुठं ठेवावी हे त्याला सुचेना. शेवटी ती त्यानं कमलीबाईच्या कुडात खोचली.

रस्सा

पंगत शेवग्याखालीच बसली. रस्सा लाल, वर तेलाचा तवंग, त्यात पाटोड्या. ज्वारीच्या भाकरी, कांदा, तिखटाचा ठेचा. पहिला घास घेतल्यावर अमरसिंगाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"वयनी, जहाल हाये."

"पानी देऊ का?"

"रस्सा द्या."

पुंजाजी वाढत फिरला. सुरुवातीला तो मान खाली घालून वाढत होता, वाटी पुढं आली की ओतायचा आणि पुढं सरकायचा. तिसऱ्या फेरीला कोणीतरी म्हणालं, "पुंजाजीभाऊ, यात तंगडी कुठी हाये?" तसा तो थांबला.

"आत बसली हाये," तो म्हणाला. "तूच बांधलं ना घर? जाय, काढ."

सगळे हसले. कुडाजवळ बसून खाणारी कमलीबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पुंजाजीही हसला, आणि त्यानंतर त्याचा आवाज सुटला. "घ्या ना राजेहो. लाजता काय? अवं, इकडं भाकरी आन. गोविंदसिंगचं ताट कोरडं पडलं." तो पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता, शेला मागं लोंबत होता. सोजरबाई तव्यावरून भाकरी काढत त्याला पाहत होती. भाकरी थापता थापता तिनं मनगटावरचं पीस काढून चुलीत टाकलं.

ऊन उतरलं तसे लोक उठले. हात धुतले, खर्रा निघाला. अमरसिंगानं सब्बल खांद्यावर टाकली आणि जाता जाता म्हणाला:

"पुंजाजीभाऊ, लय दिसानं मजा आली गड्या. आता गोठ्याच्या छपराचं काम काढ. तेही बसलं हाये. येतो आमी सगळे. पन त्या पंगतीले काय?"

सगळे थांबले. पुंजाजीनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आलेलाच होता, बोकडाचा असेल नाहीतर आणखी कशाचा; त्याच्या जिभेला पारावरची सवय होती. मग त्याची नजर चुलीकडं गेली.

"घरात इचारून सांगतो," तो म्हणाला.

पारावर असं कोणी म्हणत नाही. अमरसिंगाच्या ओठांवर काहीतरी आलंही होतं. पण गोविंदसिंगानं पुंजाजीकडं पाहून मान हलवली, ओळंबा सरळ दिसला की तो हलवायचा तशी, अगदी थोडी, आणि वाटेला लागला. बाकीचे त्याच्यामागं गेले.

सोजरबाईनं बुडाशी राहिलेला रस्सा ताटात ओतला, त्यात भाकरी कुस्करली आणि गुडघे लांब करून जेवायला बसली.

"थंडा झाला असन," पुंजाजी म्हणाला. "गरम करून देऊ का?"

"नोको. बसा तुमी," ती म्हणाली. "तुमी तरी कुठी जेवले?"